आयसीडी: एक तार, दोन तारा की शिरेबाहेरची? कोटेशन हातात आल्यावर वाचायचा आढावा

आयसीडी म्हणजे हृदयाची जीवघेणी लय शॉकने मोडणारं, अंगात बसवायचं यंत्र. त्याच्या कोटेशनच्या कागदावर बहुधा तीन ओळी असतात: व्हीआर, डीआर, सीआरटी-डी. प्रत्येक ओळीपुढचा आकडा वरच्यापेक्षा मोठा. मोठ्या रुग्णालयात चौथी ओळही दिसते, एस-आयसीडी. घरची मंडळी विचारतात, "यातलं चांगलं कोणतं?" आणि माणूस आपला आहे, पैशाकडे कशाला बघायचं, म्हणून खालच्या ओळीवर बोट ठेवतात. फ्रिज किंवा गाडी घेताना हा हिशेब कदाचित जमेल. इथे तो उलटा पडू शकतो, कारण या चार ओळी म्हणजे एकाच वस्तूच्या चढत्या प्रती नाहीत. ती चार वेगवेगळ्या रुग्णांसाठीची चार यंत्रं आहेत.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. आयसीडीने पंपिंग वाढत नाही, धाप कमी होत नाही, ब्लॉकेज सुटत नाही. हे यंत्र फक्त पहारा देतं. खालच्या कप्प्यातून जीवघेणी जलद लय सुरू झाली, म्हणजे व्हीटी किंवा व्हीएफ, तर ती ओळखून आधी भराभर बारीक ठोके देऊन मोडायला बघतं आणि नाही जमलं तर शॉक देतं. बाकीचे सगळे दिवस ते गप्प असतं. बसवल्यावर महिन्याभराने "काही फरकच पडला नाही" अशी तक्रार येते. तो पडायचाच नसतो. याला एकच अपवाद, सीआरटी-डी. त्याच्याकडे पुढे येऊ.

माणसात पहिली आयसीडी फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवली गेली. कल्पना मिशेल मिरोव्स्की यांची. त्या काळी छाती उघडून हृदयावर पट्ट्या शिवाव्या लागत आणि डबी पोटात ठेवत. आज तीच गोष्ट डाव्या कॉलर बोनखाली पाच-सहा सेंटिमीटरच्या छेदातून होते.

कोणाला लागते? ज्यांचं हृदय एकदा बंद पडून सीपीआर-शॉकने परत आलं, किंवा ज्यांना चक्कर-बेशुद्धीसह व्हीटी झाली आणि तिला दुरुस्त होण्याजोगं तात्पुरतं कारण सापडलं नाही, त्यांच्याबाबत फारसा वाद नाही. दुसरा गट मोठा आहे: अजून काही झालेलं नाही, पण टूडी इकोत ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर फेकतं त्या रक्ताचं प्रमाण, ३५ टक्के किंवा त्याहून कमी. या गटासाठीचा मोठा आधार म्हणजे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली एससीडी-हेफ्ट ही चाचणी. २,५२१ रुग्ण होते. साधारण पावणेचार वर्षांत साध्या औषधांवरच्या गटात सुमारे २९ टक्के मृत्यू, आयसीडीच्या गटात सुमारे २२. आणि त्या चाचणीत वापरलेलं यंत्र होतं एका तारेचं, फक्त शॉक देणारं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ज्यांचं पंपिंग ब्लॉकेजमुळे नाही तर स्नायूच्या आजारामुळे कमी आहे, त्यांच्यात फायदा इतका सरळ नाही. २०१६ च्या डॅनिश चाचणीत १,११६ रुग्णांमध्ये अचानक मृत्यू ८.२ वरून ४.३ टक्क्यांवर आले, तरी एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. अशा रुग्णाने, विशेषतः वय सत्तरीपुढे असेल तर, "मला याचा नेमका किती फायदा?" हा प्रश्न जरूर विचारावा.

घाईबद्दलही एक शब्द. अटॅक आल्यानंतर पहिल्या ४० दिवसांत केवळ ईएफ कमी आहे म्हणून आयसीडी बसवत नाहीत. २००४ मधल्या डायनामिट चाचणीत त्याचा एकूण फायदा दिसला नव्हता. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल, किंवा हार्ट फेल्युअरची औषधं नुकती सुरू झाली असतील, तर ती पूर्ण डोसवर तीन महिने घेऊन परत इको करतात. बऱ्याच जणांचं ईएफ ३५ च्या वर जातं आणि यंत्राचा प्रश्नच मिटतो. डिस्चार्जच्या दिवशीच कोटेशन हातात पडलं आणि यापूर्वी व्हीटी किंवा हृदय बंद पडल्याचा इतिहास नसेल, तर दुसरं मत घ्यायला वेळ आहे.

एक तार: व्हीआर

डबी साधारण काडेपेटीपेक्षा थोडी मोठी आणि चपटी. तिच्यातून एकच तार शिरेवाटे उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी जाते आणि तिथे स्क्रूने स्नायूत अडकते. तारेच्या पुढच्या भागावर गुंडाळलेली धातूची कॉइल असते. शॉक या कॉइलपासून डबीच्या धातूच्या कवचापर्यंत जातो, म्हणजे डबी हाच दुसरा इलेक्ट्रोड. जास्तीत जास्त ऊर्जा यंत्रानुसार ३५ ते ४० ज्यूलच्या आसपास. त्यासाठी लागणारे सातशे-आठशे व्होल्ट एवढ्याशा बॅटरीतून कपॅसिटरमध्ये भरायला आठ-दहा सेकंद लागतात. म्हणून शॉक येण्याआधी माणूस कधी बेशुद्ध होतो, कधी शुद्धीवर असतानाच शॉक बसतो. शुद्धीवर बसला तर छातीत कोणी जोरात लाथ मारल्यासारखं वाटतं.

याच तारेतून एटीपी नावाची गोष्ट होते: व्हीटीच्या वेगापेक्षा जरा जास्त वेगाने, साधारण आठ ठोके, लयीचा घेर मोडायला. दुखत नाही, बरेचदा कळतही नाही. २००४ च्या पेनफ्री आरएक्स-२ चाचणीत मिनिटाला १८८ ते २५० वेगाच्या व्हीटीसुद्धा चारातल्या जवळजवळ तीन वेळा एटीपीनेच मोडल्या. ज्यांच्या हृदयावर जुन्या अटॅकचा व्रण आहे त्यांना व्हीटी याच जातीची होते, त्यामुळे त्यांच्या यंत्रात एटीपी हवीच.

तार बसवताना टेबलावरच तीन मोजमापं घेतात. हृदयाचा संदेश किमान ५ मिलिव्होल्ट मिळाला पाहिजे. ठोका पकडायला लागणारा व्होल्टेज १ च्या आत असावा. शॉकच्या मार्गाचा रोध साधारण ३० ते ९० ओहम. हे आकडे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. पुढच्या दहा वर्षांत तार बिघडते आहे का, हे याच आकड्यांच्या तुलनेतून कळतं. रोध एकदम हजारोंत गेला तर तार तुटत चालली आहे किंवा जोडणी सैल आहे. एकदम खाली आला तर बाहेरचं आवरण फाटलं आहे.

आमचं मत स्पष्ट आहे. ईएफ कमी, ठोके स्वतःचे ठीक, ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची लहर, अरुंद: अशा रुग्णाला एक-तारेचंच यंत्र घ्यावं. एससीडी-हेफ्टमधला फायदाही एका तारेच्याच यंत्राने मिळाला होता. कमीत कमी भाग, कमीत कमी बिघाड, बॅटरी दीर्घकाळ, बऱ्याच आजच्या मॉडेलांत दहा वर्षांच्या पुढे. तारेवर एकच कॉइल असलेली मागावी; वरच्या मोठ्या शिरेत दुसरी कॉइल असली की ती शिरेच्या भिंतीला चिकटते आणि पुढे तार काढायची वेळ आली तर जीवावर बेतू शकतं.

दोन तारा: डीआर

यात वरच्या कप्प्यातही एक तार असते. विकताना सांगतात की दोन्ही कप्प्यांचं दिसतं म्हणून चुकीचे शॉक कमी होतात. नव्या पद्धतीच्या सेटिंगमध्ये हा फायदा फार थोडा उरतो. उलट तार सरकण्याची, शीर भरण्याची, संसर्गाची शक्यता वाढते आणि बॅटरी लवकर संपते. २००२ च्या डेव्हिड चाचणीत ज्यांना पेसिंगची गरज नव्हती त्यांना दोन-कप्प्यांचं पेसिंग मिनिटाला ७० वर चालू ठेवल्यावर हार्ट फेल्युअर आणि मृत्यू वाढले होते. उजव्या खालच्या कप्प्यातून सतत ठोका दिला की हृदय वाकडं आकुंचन पावतं, हे त्याचं कारण.

मग डीआर कोणाला? ज्याचे स्वतःचे ठोकेही मंद आहेत, ज्याला पेसमेकर तसाही लागला असता, त्याला. बाकीच्यांनी "दुसरी तार माझ्यासाठी काय करणार?" एवढं विचारावं. उत्तर एका वाक्यात आलं नाही तर ती तार नको. वरच्या कप्प्याची नोंद हवीच असेल तर बायोट्रॉनिकच्या डीएक्स प्रकारात एकाच तारेवर वरच्या कप्प्याच्या उंचीवर दोन कड्या असतात. त्या ऐकतात, पण तिथे ठोका देत नाहीत. मधला मार्ग म्हणून तो बरा.

तीन तारा: सीआरटी-डी

इथे मात्र पैसे मोजण्यासारखं काही आहे, पण योग्य माणसासाठीच. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे डाव्या बाजूची वीजवाट अडलेली, आणि क्यूआरएस १५० मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर हृदयाची डावी भिंत उशिरा हलते. तिसरी तार हृदयामागच्या शिरेतून डाव्या भिंतीवर नेऊन दोन्ही बाजू एकाच वेळी हलवतात. धाप कमी होते, ईएफ वाढतं, काहींचं तर बरंच. मात्र साधारण तिघांपैकी एकाला अपेक्षित फरक जाणवत नाही. क्यूआरएस १३० पेक्षा कमी असेल तर हे यंत्र बसवूच नये, तोटाच होतो.

नेहमीची कटकट म्हणजे उचकीसारखा झटका. डाव्या भिंतीवरच्या तारेशेजारून श्वासाच्या पडद्याची नस जाते; डाव्या कुशीवर झोपलं की प्रत्येक ठोक्याला पोट उडतं. म्हणून चार टोकांची तार मागावी. मग पुन्हा ऑपरेशन न करता बाहेरून प्रोग्रामरनेच, म्हणजे क्लिनिकमधल्या सेटिंग बदलायच्या उपकरणाने, दुसरं टोक निवडता येतं. दुसरी गोष्ट, हे यंत्र दिवसाच्या जवळपास सगळ्या ठोक्यांना चालायला हवं. तपासणीच्या कागदावर डाव्या पेसिंगची टक्केवारी छापलेली असते. ती ९८ च्या खाली असेल तर कारण शोधायला सांगा. बहुतेकदा एएफ, म्हणजे वरच्या कप्प्याची अनियमित लय, तरी निघतं, नाहीतर मधले जादा ठोके. सतत चालत असल्याने याची बॅटरी एक-तारेच्या यंत्राच्या आधी संपते, हे गृहीत धरूनच खर्चाचा हिशेब करा.

शिरेबाहेरची: एस-आयसीडी

शिरेतली तार ही आयसीडीची सर्वांत कमकुवत जागा. दिवसाला लाखभर वेळा ती हृदयासोबत वाकते. शिवाय कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यातून गेली असेल तर प्रत्येक वेळी हात वर करताना दाबली जाते. विहिरीचा रहाट ओढणारे, पाटा-वरवंटा चालवणारे, गोलंदाजी करणारे यांच्यात हा ताण अधिक. (म्हणूनच तार सेफॅलिक किंवा अ‍ॅक्सिलरी शिरेतून घालणारा डॉक्टर बरा, ऑपरेशनआधी हे विचारलं तर कोणी रागावत नाही.)

एस-आयसीडीत तार हृदयात जातच नाही. डबी डाव्या काखेखाली, पाचव्या-सहाव्या बरगडीच्या पातळीवर, आणि तार कातडीखालून छातीच्या मधल्या हाडाशेजारी. कॅमेरॉन हेल्थने ती बनवली. बोस्टन सायंटिफिकने ती कंपनी २०१२ मध्ये घेतली आणि त्याच वर्षी अमेरिकेत परवानगी मिळाली. आजचं एम्ब्लेम मॉडेल सुमारे ६० घनसेंटिमीटर आणि १३० ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डबीच्या जवळपास दुप्पट. सडपातळ माणसाच्या काखेखाली ती उठून दिसते. दंड घासतो. ब्लाउजच्या शिवणीखाली किंवा अंतर्वस्त्राच्या पट्ट्याखाली काचते, म्हणून बायकांनी ऑपरेशनआधी रोजचे कपडे घालून शाईने जागा आखून घ्यावी. डबी दोन स्नायूंच्या मध्ये ठेवली तर कमी दिसते, शॉकही चांगला लागतो. खाली चरबीचा थर राहिला तर शॉक कमी पोहोचतो.

शॉक ८० ज्यूलचा, कारण बाहेरून द्यायचा आहे. लय बिघडल्यापासून शॉकपर्यंत साधारण १५ ते २० सेकंद जातात, शिरेतल्यापेक्षा जरा जास्त. एटीपी नाही. मंद ठोक्यांसाठी पेसिंग नाही, फक्त शॉकनंतर ३० सेकंद तात्पुरते ठोके. म्हणजे पेसमेकरची गरज असलेला, सीआरटी लागणारा, किंवा आधीच एटीपीने मोडणारी व्हीटी होत असलेला रुग्ण इथे बाद. बॅटरीचा अंदाज सात वर्षांच्या आसपास.

निवडीआधी एक छोटी चाचणी असते आणि ती कोणी गाळू नये. यंत्र ज्या तीन दिशांनी हृदय ऐकणार त्या दिशांचा ईसीजी उभं राहून आणि आडवं पडून काढतात. किमान एक दिशा दोन्ही अवस्थांत पास झाली पाहिजे. नापास झालेल्याला हे यंत्र बसवलं तर ईसीजीतली टी लहर वेगळा ठोका म्हणून मोजली जाते आणि जिन्यावर चढताना चुकीचा शॉक बसतो. स्नायू जाड होण्याच्या आजारात, एचसीएममध्ये, नापास होण्याचं प्रमाण जास्त. शक्य असेल तर ही चाचणी थोडा व्यायाम करूनही घ्यावी.

शिरेतली आणि शिरेबाहेरची यांची समोरासमोर तुलना २०२० च्या प्रेटोरियन चाचणीत झाली, ८४९ रुग्णांत. यंत्राचे उपद्रव आणि चुकीचे शॉक एकत्र मोजले तर दोन्ही गट सारखे, पंधरा टक्क्यांच्या आसपास. पण आतला तपशील बोलका आहे: तारेचे बिघाड एस-आयसीडीत १.४ टक्के, शिरेतल्यात ६.६, चुकीचे शॉक एस-आयसीडीत ९.७, शिरेतल्यात ७.३. एकाकडे तारेचा त्रास, दुसऱ्याकडे ऐकण्यातली चूक. नव्या फिल्टरमुळे चुकीचे शॉक पुढे बरेच कमी झाले. अनटच्ड या अभ्यासात १८ महिन्यांत ३.१ टक्के होते.

तेव्हा ही ओळ कोणासाठी? पंचविशीतला ब्रुगाडाचा, म्हणजे जन्मजात लयविकाराचा, रुग्ण, ज्याच्या पुढे चाळीस-पन्नास वर्षं आणि अनेक बॅटऱ्या आहेत. डायलिसिसवरचा, ज्याच्या शिरा जपायच्या आहेत. ज्याला आधी तारेचा संसर्ग झाला तो. साठीतल्या, जुना अटॅक झालेल्या, व्हीटीची धास्ती असलेल्या माणसाने केवळ "हृदयात तार नको" या भीतीने ही घेऊ नये. एटीपी गमावणं त्याला महागात पडेल.

या दोन्हींच्या मधली एक नवी जात आली आहे. मेडट्रॉनिकच्या ऑरोरा यंत्रात तार छातीच्या मधल्या हाडाखाली जाते. हृदय जवळ असल्यामुळे ४० ज्यूल पुरतात, डबी ३३ घनसेंटिमीटर, एटीपीही मिळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. २०२२ मध्ये छापलेल्या मुख्य अभ्यासात सुमारे अकरा महिन्यांत चुकीचे शॉक ९.७ टक्के रुग्णांना बसले, हे मात्र खटकतं. छाती उघडून ऑपरेशन झालेल्यांना, म्हणजे बायपासवाल्यांना, ही चालत नाही. आपल्याकडचे कमी-ईएफचे किती रुग्ण बायपास झालेले असतात ते पाहता, तिचं गिऱ्हाईक मर्यादितच.

कंपनी कोणती?

या प्रश्नावर लोक जेवढा वेळ घालवतात तेवढा तो महत्त्वाचा नाही. मेडट्रॉनिक, अ‍ॅबट, बोस्टन सायंटिफिक, बायोट्रॉनिक: कोणाचाही इतिहास स्वच्छ पाटी नाही. २००७ मध्ये मेडट्रॉनिकने स्प्रिंट फिडेलिस तारा मागे घेतल्या. जास्त बारीक केल्यामुळे त्या आत मोडत होत्या. सेंट ज्यूडच्या, म्हणजे आताच्या अ‍ॅबटच्या, रियाटा तारांत आतली वाहक तार आवरण फोडून बाहेर यायची. त्याच कंपनीच्या काही डब्यांत लिथियमचे कण साचून बॅटरी अचानक बसायची, तो इशारा ऑक्टोबर २०१६ चा. बोस्टनच्या एस-आयसीडीच्या एका तारेबद्दल २०२० च्या अखेरीस इशारा निघाला. यातून घ्यायचा धडा एवढाच: बाजारात कालच आलेल्या तारेपेक्षा पाच-सात वर्षं वापरात असलेली तार बरी. नवेपणाचा सोस डबीत करावा, तारेत नाही. डबी बदलता येते.

एमआरआयचा प्रश्न इथेच विचारा. "एमआरआय चालणारी" हे लेबल डबी आणि तार या जोडीला लागू असतं. एका कंपनीची डबी आणि दुसरीची तार, किंवा आत जुनी सोडून दिलेली तार असेल, तर ते लेबल उरत नाही. एमआरआयच्या वेळी शॉक बंद ठेवतात. नंतर पुन्हा चालू केल्याचा छापील कागद घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

किमतीबद्दल: स्टेंटवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल किंमत आहे, आयसीडीवर तशी नाही. त्यामुळे डबी, तार, रुग्णालयाचं पॅकेज आणि प्रोग्रामरच्या तपासण्या हे चार आकडे वेगवेगळे लिहून मागा. घासाघीस डबीच्या आकड्यात होते. महात्मा फुले योजनेत आपला प्रकार बसतो का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारावं, नंतर नव्हे. मृत रुग्णांची काढलेली यंत्रं निर्जंतुक करून गरजूंना बसवण्याचा प्रयोगही झाला आहे. मुंबईतल्या अशा ८१ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला होता.

सेटिंग

हे सर्वांत कमी विचारलं जातं आणि सर्वांत जास्त भोगावं लागतं. फॅक्टरीतून आलेलं सेटिंग तसंच ठेवलं तर धावपळीत वाढलेल्या ठोक्यांनाही यंत्र व्हीटी समजू शकतं. २०१२ च्या मॅडिट-रिट चाचणीत १,५०० रुग्ण होते. मिनिटाला १७० ठोक्यांपासून लगेच उपचार देण्याऐवजी २०० च्या वर गेल्यावरच यंत्राने हात घालायचा असं ठरवलं, तर पहिला चुकीचा उपचार ७९ टक्क्यांनी कमी झाला आणि मृत्यूही निम्म्याहून अधिक घटले. म्हणून ज्यांना आधी व्हीटी झालेली नाही त्यांच्या कागदावर सर्वांत खालची सीमा १८५ ते २०० च्या दरम्यान आणि ओळखायचा कालावधी ६ ते १२ सेकंद किंवा ३० ठोके दिसायला हवा. १५० दिसला तर "हे मुद्दाम ठेवलंय का?" असं विचारा. ज्यांना १४०-१५० ची मंद व्हीटी होते त्यांच्यात ते मुद्दाम असतं, बाकीच्यांत बहुधा विसरलेलं.

ऑपरेशन आणि नंतरचे सहा आठवडे

चीर देण्याआधीच्या तासाभरात प्रतिजैविकाचं इंजेक्शन मिळालं पाहिजे. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते बंद करून त्याच कामाचं हेपरिन घेण्यापेक्षा योग्य पातळीत वॉरफरिन चालू ठेवणं बरं. हेपरिनवर जखमेत रक्त जास्त साचतं. साचलेलं रक्त सुई घालून काढायचं नसतं, कोणी कितीही सोपं म्हणो. सुईबरोबर जंतू आत जातात. डबी ठेवलेल्या कातडीखालच्या खिशाला संसर्ग झाला तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, डबी आणि तार दोन्ही काढावी लागतात.

जखम सात ते दहा दिवस कोरडी. डाव्या हाताचं कोपर चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ नये, जड उचलू नये. पण हात गळ्यात बांधून ठेवू नका. खांदा आखडला की तो सुटायला महिने जातात. भात कालवणं, शर्टची बटणं लावणं, केस पुढून विंचरणं, सगळं चालतं. गाडीच्या पट्ट्याचं एक गणित: आपल्याकडे चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, शेजारच्याचा डाव्या. म्हणून डाव्या बाजूला बसणाऱ्याने पट्ट्याखाली हातरुमालाची घडी ठेवावी. पट्टा लावायचा सोडू नये.

पहिली तपासणी काही आठवड्यांत, मग दर तीन ते सहा महिन्यांनी. पलंगाजवळ ठेवायचं रिमोट मॉनिटर मिळत असेल तर घ्या. यंत्रातून बीप ऐकू आली किंवा थरथर जाणवली तर ती भिंतीवरच्या घड्याळाची समजून सोडून देऊ नका. बॅटरी संपत आल्याची सूचना साधारण तीन महिने आधी मिळते, आणि "बॅटरी बदलणे" म्हणजे अख्खी डबी बदलणे. त्या वेळी पुन्हा इको करून, यंत्र अजून हवं का, हा प्रश्न नव्याने विचारायला हरकत नाही.

घरात आणि गावात

मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह, टॉर्च: खुशाल वापरा. मोबाइल वरच्या खिशात नको, पंधरा सेंटिमीटर दूर, दुसऱ्या कानाला. इंडक्शन शेगडीपासून साठ सेंटिमीटर. चुंबक ही खरी काळजीची गोष्ट. आयसीडीवर चुंबक ठेवला की बहुतेक मॉडेलांत शॉक देणं थांबतं, आणि कोणाला पत्ता लागत नाही. चुंबकीय गाद्या, चुंबकीय माळा, पट्टे यांची आपल्याकडे घरोघरी विक्री चालते. त्या सरळ नाकारा. गणपतीच्या मिरवणुकीतल्या मोठ्या स्पीकरच्या खोक्याला छाती लावून उभं राहू नये, चार हात लांब असलात तर काही होत नाही.

अर्थिंग नसलेलं घर हा मात्र खरा धोका. गिझर, वॉशिंग मशीन, शेतातली मोटर यांतून ओल्या अंगात झिरपणारा वीजप्रवाह यंत्राला व्हीएफसारखा दिसतो आणि शॉक बसतो. यंत्र बसवून घरी येण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ईएलसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा; लाखांच्या यंत्रापुढे हा किरकोळ खर्च. वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी १३० अँपिअरच्या वर जाऊ नये, केबल अंगाभोवती गुंडाळू नये. फिजिओथेरपीतलं डायथर्मी आणि आयएफटी नको. कंबर दुखते म्हणून गेलात तरी आधी सांगा.

शॉक बसला तर? एकच बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन. चोवीस तासांत दोन किंवा जास्त, किंवा एकानंतरही छातीत दुखणं, चक्कर, धाप, तर १०८. शॉकच्या क्षणी हात धरणाऱ्याला झिणझिणी येते, इजा होत नाही. सीपीआर थांबवू नये.

यंत्राचं ओळखपत्र पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये. आजार शेवटच्या टप्प्यावर असेल, घरी नेलं असेल, तर शॉक बंद करून घ्यावेत. प्रोग्रामरने दोन मिनिटांचं काम आहे, पेसिंग तसंच राहतं. नाहीतर शेवटच्या तासांत यंत्र शॉक देत राहतं आणि ते बघणं घरच्यांना फार जड जातं. दहनाआधी डबी काढावीच लागते. उष्णतेने बॅटरी फुटते, लाकडाच्या चितेवरही आणि विद्युतदाहिनीतही. मृत्यू रुग्णालयात झाला तर शव ताब्यात घेण्याआधी तिथेच काढून मागा. घरी झाला तर दाखला द्यायला येणाऱ्या डॉक्टरला यंत्र आहे हे आधी सांगा. डबी हातात घेण्याआधी शॉक बंद झालेत ना, हे बघितलं पाहिजे. चालू यंत्राच्या तारा कापताना कापणाऱ्यालाच शॉक बसू शकतो.